काकांच्या हातातला रिमोट

नाशिक,
१० ऑगस्ट

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. काकांनी जन्मभर जमवलेल्या नाट्यपदांच्या आणि कीर्तनांच्या कॅसेटी तू हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्यास, रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर कोडी हे गाणी-चित्रपट चालवणारे सॉफ्टवेअर बसवून तो सगळा खजिना दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडलास, आणि एवढे सगळे निस्तरल्यावर रिमोट कोणता घ्यावा यावर अडलास, हे वाचून मला हसू आले. तीन वर्षांपूर्वी मीही तिथेच अडलो होतो आणि उत्तर सापडेपर्यंत घरात तीन रिमोट येऊन पडले होते.

डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारा इन्फ्रारेड चांगला, रेडिओलहरींवर चालणारा चांगला की ब्लूटूथचा, असे तू विचारले आहेस. माझ्या मते हा दुसरा प्रश्न झाला. रिमोट कोणाच्या हातात राहणार, हा पहिला. तो तुझ्या हातात राहणार असता तर मी काहीही घे म्हटले असते. पण काकांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे आणि संध्याकाळी ते दिवाणखान्यात मोठा दिवा लावू देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणजे बटण डोळ्यांनी नव्हे, अंगठ्याने सापडले पाहिजे.

मी पहिल्यांदा आणला तो एअर माउस. रिमोट हवेत हलवला की पडद्यावर बाण हलतो, आणि पालथा केला की मागे इंग्रजी अक्षरांचा अख्खा कीबोर्ड. दुकानात तो पाहून मी हरखलो होतो. घरी अण्णांच्या हातात दिला तेव्हा त्यांच्या हाताचा जो कंप एरवी कपबशीच्या किणकिणण्यावरून कळायचा, तो आता पडद्यावर दिसू लागला; बाण कुठे ठरेचना. पाच मिनिटे त्यांनी नेट धरला, मग रिमोट अलगद टीपॉयवर ठेवला आणि "रेडिओच बरा" एवढेच म्हणाले. शिवाय रिमोट सोफ्यावर उताणा पडला की मागची अक्षरे दाबली जात आणि रंगात आलेले पद एकाएकी बंद पडे, कारण कोडीत एक्स या अक्षराचा अर्थ 'थांबव' असा आहे. हे कोडे उलगडायला मला आठवडा लागला. तेव्हा एअर माउस काकांसाठी मुळीच घेऊ नकोस.

दुसरे काही विकत घेण्याआधी टीव्हीचा स्वतःचा रिमोट वापरून पाहा. पायला टीव्हीशी जोडणाऱ्या एचडीएमआय केबलच्या १९ पिनांपैकी १३ क्रमांकाची पिन सीईसी नावाच्या सोयीसाठी राखलेली असते. टीव्हीने आपल्या रिमोटकडून घेतलेला संदेश तिच्यातून पायकडे जातो आणि कोडी तो जसाच्या तसा ओळखते. वेगळा रिमोट नाही, यूएसबीत खोचायचा डोंगल नाही, खर्च नाही. अडचण एवढीच, की टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी हे नाव सहसा सापडत नाही. सॅमसंग तिला ॲनीनेट प्लस म्हणते, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. आणि पुष्कळदा ही सोय मुळात बंद ठेवलेली असते. पाय ४ ला दोन एचडीएमआय जागा आहेत, त्यांतली वीजजोडणीच्या शेजारची वापर. काही टीव्ही 'होम' किंवा 'मेनू' अशी बटणे स्वतःपुरतीच ठेवतात, पुढे पाठवत नाहीत; पण चार बाण, मधले 'ओके' आणि 'बॅक' बहुधा पोचतात, आणि काकांना त्याहून अधिक काय लागणार?

मात्र एक खबरदारी घे. आमच्याकडे एकदा रात्री दोन वाजता गेलेली वीज आली, पाय आपोआप सुरू झाला आणि त्याने सीईसीवरून टीव्हीलाही जागे केले. दिवाणखान्यात निळा उजेड पाहून आई चोर आले म्हणून ओरडत उठली! कोडीच्या सेटिंगमध्ये 'सिस्टिम', 'इनपुट', 'पेरिफेरल्स' या वाटेने गेलास की सीईसी ॲडॅप्टर दिसेल; सुरू होताना कोणती उपकरणे चालू करायची, या पर्यायात 'कोणतेही नाही' असे निवड.

टीव्ही जुना असेल आणि सीईसी चालतच नसेल, तर माझी पसंती इन्फ्रारेडला. फ्लर्क नावाचा अंगठ्याएवढा यूएसबी ग्राहक, म्हणजे रिमोटचा इशारा पकडणारा रिसीव्हर, मिळतो. तो संगणकाला लावून हातातल्या कोणत्याही रिमोटचे एकेक बटण त्याला 'शिकवायचे', मग तो पायला लावायचा. पायला वाटते की आपल्याला कीबोर्डच जोडला आहे. शिकवलेले सगळे त्या ग्राहकातच साठून राहते, त्यामुळे उद्या पाय बदललास तरी पुन्हा खटाटोप नाही. रिमोट मात्र घरात आता नसलेल्या उपकरणाचा घे. सेट-टॉप बॉक्सचा घेतलास तर एका बटणाने पदही पुढे जाईल आणि वाहिनीही बदलेल. आमच्या माळ्यावर बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेअरचा रिमोट होता, जाड रबरी बटणांचा. त्यात नवे सेल घातले, मोबाइलचा कॅमेरा त्याच्या तोंडासमोर धरला आणि बटण दाबले, तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर टोकाचा दिवा फिकट जांभळा लुकलुकला. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हते. रिमोट जिवंत आहे की नाही हे पाहण्याची याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही. काही मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याला हा प्रकाश दिसत नाही, तेव्हा पुढचा वापरून पाहा.

इन्फ्रारेडची कटकट म्हणजे त्याला समोरासमोर नजर लागते. तू पाय शोकेसच्या लाकडी दाराआड ठेवला आहेस असे लिहितोस. मग ग्राहक यूएसबीच्या एक्स्टेंशन केबलने बाहेर काढून टीव्हीच्या खाली चिकटव, पण पश्चिमेच्या खिडकीतले ऊन थेट त्याच्यावर येणार नाही असे बघ, नाहीतर दुपारी रिमोट रुसल्यासारखा वागेल.

दाराआडून चालतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओवरचा रिमोट, छोट्या डोंगलसकट येणारा. साधा, मोजक्या बटणांचा, बाण हलवण्याची करामत नसलेला असा मिळाला तर तोही वाईट नाही. माझ्याकडचा सुरुवातीला अडखळत असे. तीनदा दाबावे तेव्हा एकदा पोचे. सेल बदलले, डोंगल बदलून आणला, काही उपयोग झाला नाही. दोष निघाला हार्ड डिस्कचा. यूएसबी ३.० च्या जोडणीतून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही येतो, आणि मी डोंगल डिस्कच्या अगदी कुशीत खोचला होता. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलने २०१२ सालीच हे सविस्तर मांडून ठेवले होते, मीच वाचले नव्हते. डोंगल अर्धा मीटर केबलवर लांब नेला आणि अडखळणे त्याच दिवशी थांबले.

ब्लूटूथबद्दल फार लिहीत नाही. थोडा वेळ न वापरल्यास असे रिमोट झोपी जातात आणि पहिले बटण त्यांना उठवण्यातच वाया जाते. काका ते दुसऱ्यांदा दाबतील, मग दोन्ही पोचतील आणि पद भलतीकडेच जाईल. मोबाइलवरचे कोरे हे कोडीचे ॲप मात्र तुझ्यासाठी ठेव, कारण गाण्याचे नाव टंकून शोधायचे असेल तर त्याच्याइतके सोयीचे काही नाही.

१९५६ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीचा बिनतारी रिमोट आला, रॉबर्ट ॲडलर यांच्या कल्पनेतून. त्यात सेलच नव्हता. बटण दाबले की आत छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या सळीवर बसे, आणि त्या सळीचा माणसाला ऐकू न येणारा नाद टीव्ही ऐके. त्याच्या प्रसिद्ध नमुन्यात अशा चारच सळ्या होत्या. बटण दाबल्याचा 'खट्' असा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू जाई. रिमोट निवडताना मी हल्ली हीच खूण बघतो: बटण दाबले गेल्याचे बोटाला स्पष्ट कळते का? गुळगुळीत, सपाट, एकसारख्या बटणांचे देखणे रिमोट काकांच्या कामाचे नाहीत. बाणांचे चक्र उंचवट्याचे हवे आणि मधले 'ओके' त्याहून खोल किंवा वर असावे.

फ्लर्कला शिकवताना सातच बटणे शिकव: चार बाण, ओके, मागे आणि थांबा-चालू. बाकीची मुकी राहू देत. लाल बटणाला तर हातच लावू नकोस, कारण त्याने पाय पूर्ण बंद झाला की रिमोटने तो परत सुरू होत नाही. वीज काढून घालावी लागते, आणि त्यासाठी काकू शोकेसमागे हात घालतील हे मला पटत नाही. अण्णांच्या रिमोटवरच्या लाल बटणावर मी चिकटपट्टीचा तुकडा लावला आहे, आणि 'ओके'वर आईने लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे.

टीव्हीच्या मागच्या बाजूला मॉडेल क्रमांक असतो, त्याचा फोटो काढून पाठव. सीईसी चालणार नाही असे दिसले तर माझ्याकडे एक फ्लर्क पडून आहे, तो दिवाळीत कोल्हापूरला येताना घेऊन येतो. तोवर माळ्यावर एखादा जुना रिमोट सापडतो का ते पाहून ठेव, आणि सापडला तर आत सेल पाझरून पट्ट्यांवर पांढरा थर चढलेला नाही ना, तेवढे बघ.

काका-काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
जुना मित्र