ताई, "मी हे सगळ्यांनाच विचारते" असं म्हणालात त्याबद्दल

ताई,

हे तुम्हाला फोनवरही सांगता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्या आधी ज्यांनी ज्यांनी आईला तपासलं त्यांनी तिला चारचौघांतच बोल लावले होते. 'पथ्य पाळत नाहीत', 'गोळ्या वेळेवर घेत नाहीत', 'पेशंटच ऐकत नसेल तर आम्ही काय करणार'. भरलेल्या वेटिंग रूममध्ये, मोठ्याने. बोल लावायचे जाहीर आणि आभार मानायचे गुपचूप, हे मला पटत नाही, म्हणून हे पत्र असं उघड. तुमचं नाव मात्र टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये.

आईची शुगर तेव्हा कधी खूप वर तर कधी एकदम खाली, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच, डोस वाढवून बघू. तिच्या गोळ्यांत एक ग्लिमेपिराइड होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो नसो, म्हणून तर ती जेवणासोबत घ्यायला सांगतात. पण ज्या दिवशी जेवणच नाही त्या दिवशी काय करायचं हे कुणीच सांगत नाही. आईने आपल्यापुरता हिशोब लावला होता, जेवली तर गोळी, नाही जेवली तर गोळी नाही, आणि एखाद्या दिवशी अर्धपोटी घेतली की घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, मग त्या धसक्याने पुढचे काही दिवस गोळीच बंद. आता विचार केला तर बिचारी जमेल तेवढं शहाणपणानेच वागत होती. केस पेपरवर मात्र त्याचं नाव 'अनियमित'.

जेवण का नव्हतं ते आम्हाला ठाऊक होतंच. ह्यांचं काम गेलेलं, माझ्या एकटीच्या पगारात घर, महिना संपत आला की आई "मी मघाशीच खाल्लं" म्हणायची आणि मुलांच्या पानात वाढायची. आम्हाला कळत होतं पण ते तोंडाने बोलणं कुणालाच झेपत नव्हतं. आणि डॉक्टरसमोर हे कसं बोलणार, तिथे तर आधीच गुन्हेगारासारखं उभं केलेलं.

मग घरोघरी जाऊन तपासणाऱ्या तुम्ही आमच्या घरी आलात. फाइल वाचलीत, बंद करून बाजूला ठेवलीत, आणि विचारलंत, "मावशी, मागच्या वर्षभरात कधी असं झालं का, की घरातलं खाणं संपलं आणि परत आणायला पैसे नव्हते?" आईने मान खाली घातली. मला वाटलं आता हीसुद्धा आमची गरिबी नोंदवून घेणार. तेवढ्यात तुम्ही अगदी सहज म्हणालात, "मी हे सगळ्यांनाच विचारते हं, प्रत्येक घरी." आणि गप्प बसलात. पेनाला टोपण लावून हातात धरून बसलात, घड्याळ बघितलं नाहीत, माझ्याकडे वळून "तुम्ही सांगा" असंही म्हणाला नाहीत. आईने बराच वेळ घेतला. मग म्हणाली, "होतं तसं. शेवटी शेवटी होतं."

ताई, एवढंच. पण इतकी वर्षं औषधं चालू असताना तिच्या तोंडून हे कधी बाहेर आलं नव्हतं. त्या एका वाक्याने तुम्ही तिच्या मनावरचं लाजेचं ओझं उतरवलंत. तिला वाटत होतं उपासमार फक्त आपल्याच घरी आहे आणि ती आपल्या मुलीच्या संसाराची बेअब्रू आहे, आणि तुम्ही बीपी विचारावं तसं ते विचारलंत, म्हणजे तिलाही बीपीसारखंच सांगता आलं. आणि तुम्ही तिला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलला नव्हता. पुढे कळलं की तुम्ही खरंच प्रत्येक घरी विचारता, ज्यांच्या दारात गाडी उभी आहे त्यांनासुद्धा.

पुढचं सगळं, गोळी बदलणं, धान्य मिळायची सोय, कुणाच्या सह्या, कुणाला फोन, ते लिहीत बसत नाही, ते तुम्हालाच जास्त माहिती. मला लिहायचंय ते रागाबद्दल. तुम्ही गेल्यावर मी वाचत सुटले, कारण मला जाणून घ्यायचं होतं की हा प्रश्न तुमच्या डोक्यातून आला की आधीपासून आहे. तर आधीपासून आहे! अशा दोन प्रश्नांची छोटी तपासणी २०१० मध्येच छापून आलीये, एक म्हणजे अन्न संपेल अशी काळजी वाटली का आणि दुसरा आणलेलं पुरलं नाही असं झालं का, मिनिटभराचं काम. आणि २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांच्या नोंदींवर एक अभ्यास आला, त्यात गरीब वस्त्यांतल्या लोकांचं शुगर खाली जाऊन ॲडमिट होण्याचं प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्के जास्त निघालं. चांगल्या वस्तीतल्या लोकांत तसा फरक दिसला नाही. हे वाचून मी रडले हो. आईचं ते "शेवटी शेवटी होतं" तिथे आकड्यात मांडलेलं होतं, आणि आमच्या डॉक्टरांना ते अनियमितपणा वाटत होतं.

त्याहून जुनी गोष्ट पण सापडली. जॅक गायगर नावाचे एक डॉक्टर १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या अतिशय गरीब भागात आरोग्य केंद्र चालवायचे, कुपोषित मुलं यायची तर ते प्रिस्क्रिप्शनवर चक्क अन्न लिहून द्यायचे, दुकानातून अन्न मिळायचं आणि बिल केंद्राच्या औषधांच्या पैशातून. वरून हरकत आली की औषधांचे पैसे औषधांसाठीच असतात, तर ते म्हणाले की माझ्या माहितीप्रमाणे कुपोषणावरचं औषध अन्नच आहे. नंतर तिथे शेतकऱ्यांची सहकारी शेती पण उभी राहिली. म्हणजे साठ वर्षं होत आली हे कळून! आणि आमच्या आईला प्रत्येक वेळी एक छापील डाएट चार्ट हातात, त्यातलं निम्मं आम्हाला परवडत नाही हे देणाऱ्याला दिसत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

मनाचंही तुम्हीच ओळखलंत. आई बोलायची बंद झाली होती, रात्ररात्र जागी, कशातच रस नाही, आणि सगळे म्हणायचे वय झालं की असं होतंच. तुम्ही विचारलंत, गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटतं का, एरवी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा झाल्यात का. आणि मग स्वच्छ शब्दांत, आवाज न बदलता, "कधी जगणं नको असं मनात येतं का?" माझ्या पोटात गोळा आला, मला वाटलं असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात जाईल. तुम्ही नंतर मला बाजूला घेऊन सांगितलंत की तसं होत नाही, उलट विचारलं की माणूस मोकळा होतो. आणि झालंही तसंच, ती "येतं" म्हणाली, आणि तुम्ही दचकला नाहीत, उपदेश केला नाहीत, त्याच दिवशी तिचं डॉक्टरांशी बोलणं घडवून आणलंत आणि संध्याकाळी परत फोन केलात. पोटात नाही म्हणून मन खचतं, मन खचलं की स्वतःसाठी चूल पेटवावीशी वाटत नाही, आणि दोन्हीमुळे शुगर बिघडते, हे तिन्ही एकाच बाईत चालू असतं. पण आम्हाला तीन वेगळ्या खिडक्यांवर उभं केलं होतं आणि एका खिडकीला दुसरीचं काही माहिती नव्हतं.

तुमच्यासारखं ऐकून घेणारं आणखी कुणी आहे का तेही वाचताना सापडलं, झिम्बाब्वेचे डिक्सन चिबांडा, मनोविकारतज्ज्ञ. त्यांची एक पेशंट बसभाड्याला पैसे नव्हते म्हणून हॉस्पिटलला येऊ शकली नाही आणि तिने जीव दिला. मग त्यांनी २००६ मध्ये हरारेत १४ आज्यांना शिकवून तयार केलं, दवाखान्याबाहेर बाकावर बसून लोकांचं ऐकून घ्यायचं, अडचण सोडवायला मदत करायची. २०१६ मध्ये त्याचा रीतसर अभ्यास छापून आला, आज्यांशी बोललेल्या लोकांची उदासी नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा खरंच जास्त कमी झाली होती. मी हे आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, मग आपल्या ताईही तेच करतात की. ती आता तुमच्या त्या गुरुवारच्या बायकांच्या गटात जाते, आणि जी नवीन येते तिच्या शेजारी मुद्दाम जाऊन बसते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते.

ताई, चांगली माणसं बरीच असतात, पण तुमच्याएवढं काम पाठीवर असताना चांगलं राहणं सोपं नाही, आणि तुमचा चांगुलपणा एखाद्याच्या मूडवर अवलंबून नाही हे मला फार मोठं वाटतं. ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाही तोच प्रश्न, आम्हालाही तोच. समोरच्याला लहान न करता मदत करणं ज्याला जमतं त्याच्यापुढे मी हात जोडते.

तुमच्या वरिष्ठांना मी वेगळं लिहिलंय. त्यात दोनच मागण्या केल्यात. तुमच्याकडची घरं कमी करून आणखी माणसं नेमा, आणि तो जेवणाचा प्रश्न बीपी-शुगरच्या रकान्याशेजारी केस पेपरवर छापून घ्या, म्हणजे तुम्ही रजेवर असाल त्या दिवशीही कुणीतरी विचारेल. उत्तर आलं की तुम्हाला कळवते.