कंस काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द सुचवण्याचे आवाहन केले आहे आणि निवडक शब्दांची यादी छापू, असेही म्हटले आहे. मी ३१ वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले. म्हणजे प्रुफे तपासली. (बघा, मलाही खुलासा करावा लागला. आमच्या खोलीत मुद्रितशोधक हा शब्द फक्त पगाराच्या कागदावर होता. हाक मारताना सगळे प्रूफवाल्या बाईच म्हणत.) त्या अनुभवावर चार शब्द लिहिते.

शब्द घडवणाऱ्यांची आपल्याकडे कधी वाण नव्हती. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात मुजुमदाराचा अमात्य झाला आणि सुरनिसाचा सचिव. अमात्य इतिहासाच्या पुस्तकात राहिले. सचिव मात्र आज मंत्रालयापासून गृहनिर्माण सोसायटीपर्यंत पाटीवर आहेत. सावरकरांच्या शब्दांचेही असेच. महापौर इतका रुळला की मेयर म्हणणारा माणूस शोधावा लागेल. दिनांक प्रत्येक अर्जावर छापला गेला म्हणून टिकला, पण कागदापुरताच. "आज दिनांक काय?" असे कुणी विचारलेले मी तरी ऐकले नाही, विचारतात ती तारीख. दूरध्वनी बातमीत खणखणतो, घरात फोन वाजतो.

मीही एक शब्द केला होता. मोबाइलवर किंवा संगणकावर काही उघडता उघडत नाही तेव्हा पडद्यावर एक चिन्ह गोल गोल फिरत राहते, त्याला मी प्रतीक्षाचक्र म्हणायचे ठरवले. समासात खोट काढायला जागा नव्हती. घरात दोन महिने नेटाने वापरला. मुलगा "हो आई" म्हणे, सून हसू दाबे. मग एका संध्याकाळी सहा वर्षांच्या नातीने टॅब माझ्यापुढे धरला आणि वैतागून म्हणाली, "आजी, बघ ना, परत गरगरी आली!"

झाले. त्या दिवसापासून घरात गरगरीच. गरगरीवर अडकलंय, गरगरी जाईना, मघापासून नुसतं गरगरतंय. मुलगा कामाच्या फोनवर कुणाला तरी "थांब, माझ्याकडे गरगरतंय" म्हणाला आणि पलीकडच्याने अर्थ विचारला नाही. आठवड्याभराने तो पलीकडचाच "आज माझी गरगरी" म्हणाला म्हणे. माझ्या प्रतीक्षाचक्राचे दोन महिन्यांत एकदाही क्रियापद झाले नव्हते. त्याला कुणी साधे अनेकवचनातसुद्धा वापरले नव्हते.

तेव्हा प्रूफखोलीतली एक जुनी खेचाखेच आठवली. नवा मराठी शब्द आमच्याकडे यायचा तो एकेरी अवतरणचिन्हांत, आणि शेजारी कंसात इंग्रजी शब्द. संगणक असाच येई. एकदा मी चिन्हे आणि कंस दोन्ही काढले. पुढच्या प्रुफावर ते परत आले. मी पुन्हा काढले. तिसऱ्या प्रुफावर लाल शाईत शेरा होता : वाचकाला कळणार नाही. नियमाने मी हरले, कारण शेवटचा शब्द उपसंपादकांचा. पण आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यातच उभे करून रोज त्याची ओळख सांगत राहायचे, तर तो घरचा होणार कधी? पुढे संगणकाचे कंस गळून पडले आणि कुणाचेही काही अडले नाही.

कंस काढला की प्रत्येक शब्द चालतोच, असे मात्र मी म्हणत नाही. २०२० साली आपण सर्वांनी टाळेबंदी हा शब्द भरपूर छापला, तोही उघडा. तरी तोंडी लॉकडाउनच राहिला. टाळेबंदी आपल्या कानात गिरणीच्या फाटकाला मालकाने लावलेल्या कुलपाची होती, आणि ती छापून यायच्या आत लॉकडाउन टीव्हीवरून घरात येऊन बसलाही होता. उशिरा आलेल्या शब्दाला बसायला जागा मिळत नाही.

म्हणून विनंती अशी की यादी छापू नका. यादीतले शब्द वाचून लोक हसतात आणि पान उलटतात. कंठलंगोटाची थट्टा अजून संपलेली नाही. आलेल्या पत्रांतून फार तर दोन शब्द निवडा. निवडताना ते शब्द कचेरीतल्या शिपायाला, वाहनचालकाला वाक्यात घालून बोलायला सांगा, आणि बोलताना त्यांची जीभ अडखळली तर शब्द बाजूला ठेवा. उरतील ते वर्षभर पहिल्या पानापासून क्रीडापानापर्यंत कंसाशिवाय वापरा. कुणाला कळले नाही तर तो शेजाऱ्याला विचारेल. शब्द पसरतो तो तसाच.

हे पत्र छापणार असाल तर एवढेच पाहावे : मी गरगरीभोवती अवतरणचिन्हे घातलेली नाहीत. आपल्याकडूनही ती पडू नयेत.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक