स्मरण-उपासनेत वाचायच्या जीवनवृत्तांताबद्दल सूचना

सर्व सभासदांस सलाम.

निवर्तलेल्या कुटुंबप्रमुखाचा जीवनवृत्तांत उपासनेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत चर्चच्या पाळकसाहेबांकडे द्यावा. मजकूर 400 शब्दांपर्यंत ठेवा. सावकाश वाचायला चार-पाच मिनिटे लागतात. याहून लांब झाला की वाचणारा घाई करतो आणि नावे गिळली जातात.

जन्मतारीख बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतून घ्या. जुन्या शाळेच्या दाखल्यावर 1 जून असेल तर जरूर पडताळा, कारण तारीख माहीत नसली की पूर्वी शाळेत हीच लिहीत. नोंदवहीत जन्माचा आणि बाप्तिस्म्याचा असे दोन रकाने असतात, त्यांची अदलाबदल वारंवार होते. दृढीकरण (मोठेपणी विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी) व विवाह दुसऱ्या गावच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, झाले असल्यास उतारा तिथूनच मागवावा लागेल.

पदांची यादी थोडक्यात द्या. पंचकमिटीत (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीत) किती वर्षे होते यापेक्षा ते घरात काय करत हे लिहा: संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना कोण चालवी, आजारी पत्नीचे पथ्य कोण पाही, रविवारी नातवंडांना शब्बाथ शाळेत कोण सोडी. माणूस यातूनच ओळखू येतो.

वारसांच्या यादीत सुना, जावई आणि आधी निवर्तलेली अपत्ये हमखास सुटतात. यादी घरातल्या दोघांनी वेगवेगळी तपासावी. ही चूक त्या घराला फार लागते.

छायाचित्र व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधे पाठवल्यास आकार घटतो आणि छपाईत चेहरा धूसर येतो.