रिपोर्ट क्लिअर, पाय मात्र पेटलेले

मा. संपादक,
स.न.

कालच्या पुरवणीतला कॅन्सरवर मात केलेल्यांचा लेख वाचला. फोटो झकास आहेत. सगळे हसतायत. माझाही काढला असता तर मीही हसले असते. अशा फोटोत पाय कुठे दिसतात!

उपचार संपले की माणूस पहिल्यासारखा जगू लागतो, असं आपल्या लेखिकेने एका वाक्यात उरकलंय. माझी पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाची शेवटची सलाईन होऊन तीन वर्षं झाली. रात्री तळपायाला चादर लागली तरी चटका बसतो, आणि दिवसा चप्पल पायातून निसटली तरी पत्ता लागत नाही. मागच्या महिन्यात मी एका पायात चप्पल घालून अर्धा जिना चढले. शेजारचा मुलगा खालून ओरडला, "आजी, एक इथेच राहिली!"

हे डॉक्टरांना सांगितलं, तर ते स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "रिपोर्ट क्लिअर आहेत, आनंद माना." मानला. मग रात्री दोन वाजता फरशीवर पाय टेकवून बसले. केमो थांबल्यावरही काहींचा हा नसांचा त्रास काही महिने वाढत जातो, एवढं एक वाक्य आधी कुणी सांगितलं असतं तर रोग उलटला म्हणून मी घाबरले नसते.

दीड वर्षाने पेन क्लिनिकचा रस्ता सापडला, तोही दुसऱ्या एका पेशंटकडून. तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी मोजे काढायला लावले. डोळे मिटवून, पायाचा अंगठा त्यांनी वर केला की खाली, ते विचारलं. मला एकदाही बरोबर सांगता आलं नाही. बी-१२ आणि साखर तपासली, मग ड्युलोक्सेटिन दिलं, आठवडाभर ३० मिलिग्रॅम, नंतर ६०. सूनबाईंनी नाव शोधून जाहीर केलं, की ही तर डिप्रेशनची गोळी! बाईंनी शांतपणे सांगितलं, की हीच गोळी मज्जारज्जूत वेदनेचे निरोप दाबते आणि केमोनंतरच्या या दुखण्यासाठी अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ पासून हिचीच शिफारस केली आहे. बधिरपणा आहे तसाच आहे. आग मात्र निम्म्यावर आली, झोप लागते.

आणि त्याच लेखाखाली आपण छापता 'नसांचे दुखणे सात दिवसांत गायब' ही जाहिरात! वा! केमो चालू असताना नसांसाठी म्हणून अ‍ॅसिटिल-एल-कार्निटिन हे पूरक औषध घेतलेल्यांचा त्रास चाचणीत उलट वाढला होता, हे जाहिरात विभागाला कुणी कळवेल का? की तिथेही रिपोर्ट क्लिअर?

जाता जाता : शब्दकोड्याचे चौकोन आपण एवढे बारीक केलेत, की माझ्या बधिर बोटांनी त्यात अक्षर मावत नाही. याआधी दोनदा कळवलं आहे. उत्तर नाही.

आपली,
एक जुनी वाचक