काकू, आधी टोफूचं पाणी काढ

ओसाका, जपान
श्रावण

तीर्थस्वरूप काकूस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

काकांनी आषाढीला माळ घातली आणि घरातलं मटण, अंडी एकदमच बंद झाली, हे कळलं. त्यावर तू टोफू आणलास, पनीरसारखा परतलास, तर तो तेलात तडतडला, तव्याला चिकटला, तुटला आणि वर फिक्का लागला. चूक तुझ्या हाताची नाही. दुकानदार ‘सोया पनीर’ म्हणून विकतो, तिथेच घोळ होतो. पनीरमध्ये दुधाचं तूप असतं, म्हणून ते स्वतःच्याच स्निग्धतेवर लाल होतं आणि नुसतं खाल्लं तरी गोड लागतं. टोफूत तूप नाही, मीठ नाही, आणि वजनाचा साधारण तीन चतुर्थांश भाग नुसतं पाणी. जोवर हे पाणी आत आहे तोवर तुकड्याचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही, म्हणून तो लाल न होता शिजत बसतो. मसालाही आत शिरत नाही, कारण जागा आधीच भरलेली असते.

तेव्हा पाणी काढायचे तीन मार्ग सांगते.

पहिला दाबण्याचा. २०० ग्रॅमची वडी स्वच्छ पंचात गुंडाळ, दोन ताटल्यांमध्ये ठेव, वर किलो-सव्वा किलोचं वजन. पाण्याने भरलेला लिटरचा तांब्या चालेल. अर्धा तास पुरे. पाटा ठेवशील तर कडा फुटतील.

दुसरा मिठाच्या पाण्याचा, आणि घाईच्या दिवशी हाच मला जास्त आवडतो. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा मीठ, त्यात दोन सेंटिमीटरचे तुकडे, मंद उकळीवर १० मिनिटं. पाणी काढायला पाण्यातच टाकायचं हे उलटं वाटेल, पण गरम झालं की टोफूची वीण आवळते आणि आतलं पाणी बाहेर ढकलते. शिवाय मीठ आत जातं. मग तुकडे फडक्यावर पसर, वाफ जाऊ दे, कोरडे होतात.

तिसरा गोठवण्याचा. त्याचं नंतर सांगते, कारण मटण खाणाऱ्या घराला खरा उपयोग त्याचाच आहे.

आधी तव्यावरचा. लोखंडी तवा चांगला तापव, मग दोन चमचे तेल, मग तुकडे. तुकड्यांना आधी दोन चमचे तांदळाची पिठी चोळलीस तर कड कुरकुरीत येते. टाकल्यावर चार मिनिटं हात लावू नकोस. टोफू चिकटतो तो बहुतेक वेळा घाईने उलटल्यामुळे. खाली कवच धरलं की तो आपण होऊन सुटतो, न सुटला तर अजून झालेला नाही. दुसरी बाजू तीन मिनिटं. गॅस बंद करून मग जीरावन, आपला पोह्यांवरचा इंदुरी मसाला, भुरभुराव, आधी नाही, तापल्या तव्यावर जीरावन जळून कडू होतं. वर लिंबू. पोह्यांवर शेवेऐवजी हे तुकडे टाकायचे की नाही ते तुम्ही घरात ठरवा, इंदूरच्या माणसाला शेव सोड म्हणायची माझी हिंमत नाही.

भुर्जीला मात्र दाबायचीसुद्धा गरज नाही. वडी हाताने कुस्कर, कढईत कोरडीच दोन-तीन मिनिटं परत, पाणी आटलं की बाजूला काढ. मग नेहमीसारखा कांदा, हिरवी मिरची, टोमॅटो, पाव चमचा हळद, आणि कुस्करलेला टोफू. मुलांना अंड्याची आठवण येत असेल तर साध्या मिठाऐवजी काळं मीठ घाल, पण गॅस बंद केल्यावर. त्यातल्या गंधकाला उकडलेल्या अंड्यासारखा वास असतो आणि शिजवलं की तो उडून जातो. काकांना तो वास नको असेल तर त्यांची वाटी आधी काढून ठेव.

आता गोठवण्याचं. पाकिटातलं पाणी ओतून वडी फ्रीजरमध्ये रात्रभर ठेव. आतल्या पाण्याचे बर्फाचे खडे होतात, ते वीण फाडतात, आणि वितळल्यावर तिथे पोकळ्या उरतात. घरातला फ्रीजर हळू गोठवतो, त्यामुळे खडे मोठे आणि भोकंही मोठी. आपल्याला तेच हवं. गोठल्यावर वडी पिवळी पडते, घाबरू नकोस, वितळली की पुन्हा पांढरी होते. इथे जपानात हाच प्रकार गोठवून वाळवलेल्या रूपात मिळतो, कोया पर्वतावरच्या बौद्ध मठांवरून त्याला कोया-दोफू म्हणतात. मटण-मासळी वर्ज्य असलेल्या मठांनी तो चालवला, म्हणजे काकांच्या माळेला काही आक्षेप नसावा.

वितळवायला वडी गरम पाण्यात २०-२५ मिनिटं बुडवून ठेव, मग दोन तळहातांत धरून स्पंजासारखी पिळ. चांगली पिळ, ती तुटत नाही. कुस्करलीस तर खिम्यासारखे दाणे पडतात, जाड कापलीस तर रश्श्यात दाताला लागणारे तुकडे मिळतात.

खिम्यात एकच चूक सगळे करतात. पिळलेला कोरडा टोफू थेट तेलात टाकतात. तो पहिलं जे मिळेल ते पितो, आणि तेल प्यायला की मग मसाला पीत नाही. म्हणून २०० ग्रॅमला दोन मोठे चमचे तेल, एक मोठा कांदा लाल होईपर्यंत, आलं-लसूण, एक टोमॅटो, तुझ्या मटणाच्याच मसाल्याचे दीड चमचे, मीठ, आणि त्यात आधी एक कप गरम पाणी. पातळ मसाला उकळला की मग टोफू आणि मूठभर मटार. झाकण ठेवून १० मिनिटं, शेवटी झाकण काढून कोरडं कर.

रश्श्याला तुझं नेहमीचं कांदा-खोबऱ्याचं वाटणच ठेव. फक्त त्यात एक मोठा चमचा भाजलेले तीळ किंवा दाणे जास्त वाट, कारण मटणाची चरबी आता तर्रीत उतरणार नाही आणि रस्सा पाणचट लागेल. पनीर आपण शेवटी टाकतो, फार शिजलं की चिवट होतं म्हणून. टोफूचं उलट. तो १५ मिनिटं रश्श्यात उकळू दे आणि नंतर अर्धा तास तसाच राहू दे. मीठ किंचित चढं ठेव, तुकडे ते ओढून घेतात. दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

पाकिटावर ‘सिल्कन’ असं लिहिलं असेल तर हे काहीच करू नकोस. तो दह्यासारखा मऊ असतो, त्याला दाबता येत नाही. कढीत सोडावा किंवा चटणीत वाटावा, एवढंच.

आता स्वस्ताईचं. सोयाबीन माळव्यात पिकतं आणि तू पाकिटं विकत आणतेस! २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, म्हणजे किलोला साधारण ५३. किराणा दुकानात निवडलेलं थोडं महाग धर, तरी पाव किलोला फार तर वीस-पंचवीस रुपये, आणि त्यात साडेतीनशे-चारशे ग्रॅम टोफू निघतो. सियागंजच्या बाजारातून खाण्याचंच सोयाबीन माग. गावाकडून कुणी पेरणीतलं उरलेलं बियाणं दिलं तर अजिबात घेऊ नकोस, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि ते धुतल्याने पूर्ण जात नाही. खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी १४२ नावाचं वाण काढलंय, त्यात तो कच्चट वास आणणारं एक एन्झाइम नाही. कुणा शेतकऱ्याकडून खाण्यासाठी मिळालं तर उत्तम, नाहीतर साधंही चालतं.

२५० ग्रॅम सोयाबीन या हवेत आठ तास भिजव. थंडीत बारा लागतात. दाणा मधोमध उघडून बघ, आत खळगा दिसला तर कमी भिजलंय. बोअरिंगचं जड पाणी नको, नर्मदेच्या नळाचं घे. चोळून सालं काढ, आणि कडकडीत गरम पाणी घालून वाट. कच्चट वास हा वाटताना दाणा फुटतो त्या क्षणी तयार होतो, गरम पाण्याने तो एन्झाइम तिथेच मरतो. मिक्सरचं भांडं अर्धंच भर आणि झाकणावर फडकं दाबून धर, वाफ उडते. एकूण पाणी दोन लिटर. मग पंचातून गाळून घट्ट पिळ.

हे दूध दुप्पट मोठ्या पातेल्यात चढव आणि तळ सतत खरवडत राहा, खाली लागतं. इथे एक फसवी उकळी येते. दूध उकळायच्या आधीच फेस वर चढतो, आणि झालं समजून माणूस गॅस बंद करतो. ते अजून कच्चं असतं, आणि कच्च्या सोयाबीनमधला पचन अडवणारा घटक पोट बिघडवतो. फेस आला की आच कमी कर, दोन थेंब तेल टाक, आणि खरी उकळी आल्यावर मोजून १० मिनिटं.

गॅस बंद करून पाच मिनिटं थांब. चार मोठे चमचे लिंबाचा रस अर्धा कप कोमट पाण्यात मिसळ, तीन वेळा थोडा थोडा घाल, दर वेळी पळी एकदाच फिरव. झाकून १५ मिनिटं. निवळी पिवळसर आणि पारदर्शक दिसली की फाटलं. दुधाळ असेल तर आणखी चमचाभर. सगळा रस एकदम ओतलास किंवा जोरात ढवळलंस तर चोथ्यासारखा रवाळ, आंबट टोफू होतो. चाळणीत फडकं घालून ओत, वर किलोभर वजन, २५ मिनिटं. मग अर्धा तास गार पाण्यात, आंबटपणा तेव्हाच उतरतो.

फडक्यात उरलेला चोथा टाकू नकोस, पण तो कच्चा आहे हे विसरू नकोस. कढईत १० मिनिटं परत, मग थालीपिठाच्या भाजणीत निम्मा मिसळ. त्याच दिवशी संपव, ओला चोथा पावसाळ्यात दुपारपर्यंत आंबतो.

घरचा टोफू बुडेल इतक्या पाण्यात, फ्रीजमध्ये, पाणी रोज बदलून तीन दिवस. बुळबुळीत लागला किंवा आंबूस वास आला की फेकून दे.

दोन गोष्टी काकांसाठी. एकादशीला टोफू चालणार नाही, शेवटी ते कडधान्यच. आणि थायरॉइडची गोळी ते पहाटे घेतात ना, मग सकाळच्या न्याहारीला टोफू नको, दुपारी ठेव. सोयाबीनमुळे ती गोळी नीट शोषली जात नाही. बी-बारा टोफूत नसतं, तेव्हा दूध-दही कमी करू नका, आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना ते बघायला सांगा.

लिंबू किती लागलं ते कळव. तुमची लिंबं बारीक, रस कमी-जास्त निघतो, त्यावरून पुढच्या खेपेचं माप ठरवू.

काकांना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी पुतणी