घारापुरीच्या कागदांना हात लावणाऱ्या सगळ्यांचे आभार

घारापुरी म्हटलं की लोकांना लेणी आठवतात. १९८७ साली ती जागतिक वारसा यादीत गेली. पण शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या आमच्या तीन गावांचा इतिहास कोण जपणार? आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत कागदांचं एक बोचकं होतं. खाऱ्या हवेनं घड्या चिकटलेल्या, कडा वाळवीनं खाल्लेल्या. मजकूर मोडी लिपीत, अक्षरं एकमेकांत गुंतलेली, शब्द कुठे तोडायचा तेच कळेना.

मोडी वाचणाऱ्या काकांनी भिंग घेऊन एकेक ओळ सोडवली. जमिनीच्या फेरफाराच्या एका नोंदीत माझ्या पणजीचं नाव निघालं, तेव्हा ते थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा मोठ्यानं वाचलं. काका, तो आवाज अजून कानात आहे.

अभिलेखागारातल्या ताईंनी ‘जुनं दफ्तर कुलाबा जिल्ह्यात बघा, रायगड हे नाव १९८१ चं’ एवढं सांगून आमचे कित्येक हेलपाटे वाचवले. आणि भर पावसात ते बोचकं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, पोटाशी धरून लाँचनं पलीकडे नेणारी आमची पोरं! नावं छापू नका असं तुम्ही सगळ्यांनीच बजावलंत, म्हणून छापत नाही. स्कॅन केलेल्या प्रती गावात ठेवल्या आहेत. ज्याला आपलं घराणं शोधायचंय त्यानं खुशाल यावं.