समुद्राचे वेळापत्रक आधी, स्थळांची यादी नंतर

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत समुद्रकाठच्या शहरांच्या दोन-तीन दिवसांच्या सहलींविषयी जे लेख येतात, ते मी नियमितपणे वाचते. त्यांतील माहिती बहुधा अचूक असते आणि छायाचित्रे सुंदर असतात. तरीही जवळपास प्रत्येक लेखात एक मोठी उणीव मला जाणवते. पाहण्यासारख्या दहा-पंधरा ठिकाणांची यादी दिली जाते, ती सकाळ, दुपार आणि संध्याकाळ यांत वाटून दिली जाते आणि ज्या समुद्रामुळे ते शहर तिथे वसले, त्या समुद्राच्या वेळांचा उल्लेखही नसतो. डोंगरातल्या शहराची सहल आखण्याची पद्धत किनाऱ्यावरच्या शहराला जशीच्या तशी लावली जाते. त्यात फसगत होते ती मोजक्या सुट्टीत, दुरून आणि बहुधा एकदाच येणाऱ्या माणसाची.

मी अनेक वर्षे शाळेत भूगोल शिकवला. भरती-ओहोटीचा पाठ फळ्यावर आकृती काढून शिकवला. पण वयस्क आईला घेऊन एका किनारी शहरात दोन दिवसांसाठी गेले, तेव्हा त्या दिवसांचे भरतीचे कोष्टक पाहण्याचे मला सुचले नाही. खडकावरच्या जुन्या दीपगृहापर्यंत ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी एक दगडी वाट होती आणि तिच्यावरून चालत जाण्याची आईची फार दिवसांची इच्छा होती. पहिल्या दिवशी आम्ही अकराच्या सुमारास पोहोचलो, तर वाट पाण्याखाली होती. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गेलो, पुन्हा तेच. आम्ही मुक्कामी असलेले ते दोन्ही दिवस पौर्णिमेला लागून होते. वाट पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास मोकळी होत होती, आणि त्या दोन्ही वेळा आम्ही हातातल्या यादीप्रमाणे दुसरीकडे होतो. परतीच्या गाडीत आई काहीच बोलली नाही. ती वाट तिला पुढेही कधी चालता आली नाही, याची खंत मला आजही आहे, आणि हे पत्र मी त्या खंतीपोटीच लिहीत आहे.

बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात, म्हणजे पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते आणि हे चक्र रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. हे आपण सर्वांनी शाळेत शिकलेले असते. सहल आखणाऱ्याला याहून उपयोगी ठरणारी गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात ठळकपणे येत नाही: एखाद्या बंदरात अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास पूर्ण भरती घड्याळातल्या साधारण त्याच वेळी येते. मुंबईच्या किनाऱ्यावर ती मध्यान्ह आणि मध्यरात्र यांच्या आसपास असते. म्हणून उधाणाच्या दिवसांत तिथली ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पडते, तर अष्टमीच्या आसपास ती दुपारी येते. अर्थात अष्टमीची भरती भांगाची असते, पाणी कमी चढते आणि कमी उतरते. त्यामुळे दुपारची सोयीची ओहोटी मिळाली तरी खडक तितके दूरवर उघडे पडत नाहीत. खडकांमधल्या डबक्यांतले जीव पाहायचे असतील तर उधाणाच्या दिवसांत पहाटे उठावे लागते. लाटा कठड्यावर आपटताना पाहायच्या असतील तर त्याच दिवसांतली दुपार योग्य. एकाच शहरातल्या एकाच किनाऱ्यावर कोणत्या तिथीला जातो, यावर आपण काय पाहणार हे ठरते, आणि तिथी तर आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेली असते.

प्रत्येक समुद्राला हा हिशेब सारखा लागू पडत नाही, हेही लेखात यायला हवे. फ्रान्समधील सँ-मालो या तटबंदीच्या शहरात भरती-ओहोटीची कक्षा, म्हणजे दोन्ही वेळच्या पाण्याच्या पातळीतला फरक, मोठ्या उधाणाला 12 मीटरच्या वर जाते. शहरासमोरच्या ग्रां बे या बेटावर लेखक शातोब्रियाँ यांची समाधी आहे. तिथे ओहोटीच्या वेळी चालत जाता येते आणि परत फिरायला उशीर झाला तर पाणी उतरेपर्यंत काही तास बेटावर अडकून पडावे लागते. मुंबईत हाजीअलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाटही मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते. याउलट भूमध्य समुद्राच्या काठावरच्या नेपल्स, बार्सिलोना यांसारख्या शहरांत आणि इस्तंबूलमध्ये भरती-ओहोटीचा फरक इतका थोडा असतो की सहल आखताना त्याचा विचार न केला तरी चालते. व्हेनिस मात्र त्या टापूतला मोठा अपवाद आहे. तिथे शरद ऋतूत आणि हिवाळ्यात भरती, दक्षिणेकडचा वारा आणि कमी वायुदाब एकत्र आले की पाणी रस्त्यांवर येते. 1966 च्या नोव्हेंबरमध्ये ते 194 सेंटिमीटरपर्यंत आणि 2019 च्या नोव्हेंबरमध्ये 187 सेंटिमीटरपर्यंत चढले होते. 2020 च्या ऑक्टोबरपासून खाजणाच्या मुखाशी बसवलेली हलती दारे मोठ्या भरतीच्या वेळी उचलली जातात आणि शहराचे भरती केंद्र पुढच्या काही दिवसांचा अंदाज आधीच जाहीर करते. तिथे जाणाऱ्याने चर्चच्या आणि संग्रहालयांच्या वेळांइतक्याच काळजीने तो अंदाज पाहावा.

ही माहिती मिळवणे अवघड नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरनिहाय भरतीची कोष्टके प्रसिद्ध करतो आणि हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते. अमेरिकेत हे काम नोआ ही सरकारी संस्था करते. कोष्टक वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात: ते नेमक्या त्याच बंदराचे आहे ना, कारण जवळच्या दोन गावांतही खाडीच्या आकारामुळे वेळ पुढे-मागे होते, आणि वेळेसोबत दिलेली पाण्याची उंची, कारण ओहोटी म्हटली म्हणजे प्रत्येक वेळी वाट उघडी पडतेच असे नाही.

भरतीनंतरचा विचार वाऱ्याचा. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून सकाळ सरता सरता समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात आणि दुपारनंतर त्यांचा जोर वाढतो. रात्री ते थांबून जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे सुटतात. याचा सहलीच्या दृष्टीने अर्थ असा की पाणी बहुधा सकाळी शांत असते आणि ज्यांना बोट लागते त्यांनी जलप्रवास दुपारी चारऐवजी सकाळी आठला ठेवावा. आमच्याकडचे बहुतेक पर्यटक सकाळ संग्रहालयात घालवतात आणि नेमक्या खवळलेल्या वेळी बोटीत बसतात.

याच कारणाने मला एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. वाऱ्यावर आणि लाटांवर अवलंबून असलेली गोष्ट शेवटच्या दिवसासाठी कधीही राखून ठेवू नये. केपटाउनचे उदाहरण घ्या. तिथल्या टेबल माउंटनवर 1929 पासून रज्जुमार्ग आहे, परंतु उन्हाळ्यात आग्नेयेचा जोरदार वारा सुटला की तो बंद ठेवतात आणि डोंगराच्या सपाट माथ्यावर ढगाची चादर पसरते. नेल्सन मंडेला यांनी आपल्या 27 वर्षांच्या कारावासातील 18 वर्षे ज्या रॉबेन बेटावर काढली, तिथे जाणारी बोटही समुद्र खवळला की रद्द होते. तीन दिवसांसाठी तिथे गेलेल्या माणसाने या दोन गोष्टी पहिल्या स्वच्छ दिवशीच उरकाव्यात आणि छपराखालची ठिकाणे मागे ठेवावीत. पहिल्या दिवशी जमले नाही तर हाताशी आणखी दोन दिवस उरतात. छापील कार्यक्रमात मात्र नेमका उलटा क्रम दिसतो, कारण सांगता भव्य दृश्याने व्हावी असे लिहिणाऱ्याला वाटत असते.

महिन्याची निवड करतानाही समुद्र विसरला जातो. उन्हाळ्यात किनाऱ्यावर ऊन असणारच असे आपण गृहीत धरतो. सॅन फ्रान्सिस्कोजवळून थंड प्रवाह वाहतो. त्यावरून येणारी दमट हवा थंड होऊन दाट धुके होते आणि जुलै-ऑगस्टमध्ये गोल्डन गेट पूल अनेकदा त्यात बुडालेला असतो, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आकाश बरेच मोकळे असते. पेरूची राजधानी लिमा वाळवंटाच्या काठावर आहे, तिथे पाऊस जवळजवळ पडत नाही, आणि तरीही जूनपासून काही महिने आकाश राखाडी ढगांनी झाकलेले राहते; कारण पुन्हा थंड सागरी प्रवाहच. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असल्याने अनेक ठिकाणची प्रवासी बोट वाहतूक बंद असते, आणि बंगालच्या उपसागराकाठी ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने चक्रीवादळांचे. हे प्रत्येक लेखाच्या पहिल्या परिच्छेदात असले पाहिजे.

किनारा कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे तर एका वाक्यात सांगता येते आणि तेही सांगितले जात नाही. चेन्नई आणि विशाखापट्टणम पूर्वाभिमुख आहेत. तिथे समुद्रावर सूर्योदय दिसतो, सूर्यास्त नाही, आणि पौर्णिमेला सूर्य मावळताना समोर पाण्यातून चंद्र वर येतो. हे ठाऊक असलेला माणूस तिथली संध्याकाळ वाया गेली असे म्हणणार नाही.

याहून महत्त्वाची मला वाटणारी गोष्ट म्हणजे शहर पाण्यावरून पाहणे. जुनी बंदरे जमिनीकडून येणाऱ्यासाठी बांधलेली नव्हती. त्यांचे मनोरे, घुमट आणि तटबंद्या जहाजातून येणाऱ्याच्या नजरेसाठी उभ्या राहिल्या. इस्तंबूलमध्ये 537 साली पूर्ण झालेली आयासोफ्या आणि 1557 सालची सुलेमानिये मशीद आपण आत जाऊन, मान वर करून पाहतो, ते योग्यच आहे. परंतु टेकड्यांच्या ओळीवर त्या वास्तू कशा बेताने बसवल्या आहेत, हे एमिनोन्यूहून उस्कुदारला जाणाऱ्या साध्या फेरी बोटीतूनच उमगते. पर्यटकांसाठीची सजवलेली नाव त्यासाठी लागत नाही, रोज कामावर जाणाऱ्या लोकांची बोट पुरते. हाँगकाँगची स्टार फेरी एकोणिसाव्या शतकापासून अशीच चालू आहे. सिडनीच्या सर्क्युलर की धक्क्यावरून मॅन्लीला जाणारी बोट अर्ध्या तासात ऑपेरा हाउस, पूल आणि बंदराचे तोंड दाखवते. दोन दिवसांच्या सहलीत एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर मी कोणालाही ही करायला सांगेन, आणि पश्चिमेकडे परतणारी बोट असेल तर सूर्यास्ताच्या आधीची.

साप्ताहिक सुट्टीचे दिवस तपासावेत, हे सांगायला नको. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि तरीही सोमवारी धक्क्यावर येऊन परतणारे लोक असतात.

सुरक्षेविषयी दोन शब्द लिहिणे मला कर्तव्य वाटते, कारण समुद्र न पाहिलेली माणसेच पाण्यात अधिक धाडसाने उतरतात. फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत मधेच एक पट्टा शांत दिसतो आणि पोहण्याला तोच बरा वाटतो. पुष्कळदा तिथेच पाणी वेगाने आत खेचले जात असते. या रिप करंटमध्ये सापडलेल्या माणसाने किनाऱ्याच्या दिशेने झुंजत राहू नये, दम संपतो. घाबरून न जाता तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडावे. अनेक देशांत लाल-पिवळ्या बावट्यांमधला भाग जीवरक्षकांच्या देखरेखीखाली असतो आणि लाल बावटा धोका दाखवतो. जिथे जीवरक्षक नाहीत तिथे पाण्यात उतरण्यापूर्वी एखाद्या स्थानिक कोळ्याला विचारावे आणि तो नको म्हणाला तर ऐकावे.

संपादक महोदय, माझी विनंती छोटी आहे. पुरवणीत किनारी शहरावर लेख छापताना त्यासोबत एक लहान चौकट द्यावी. तिथल्या भरती-ओहोटीची कक्षा साधारण किती, अमावस्या-पौर्णिमेला पूर्ण भरती किती वाजता येते, किनाऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, कोणते महिने धुक्याचे, पावसाचे किंवा वादळाचे आहेत, वाऱ्यामुळे कोणत्या गोष्टी रद्द होतात आणि शहर पाण्यावरून दाखवणारी नेहमीची बोट कोणती, एवढेच तिच्यात असावे. जागा कमी पडत असेल तर यादीतली चार ठिकाणे खुशाल गाळावीत. आणि रोजच्या अंकात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा आपण देताच. किनाऱ्यावरच्या आवृत्त्यांत त्यांच्याशेजारी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळाही छापाव्यात, म्हणजे माझ्या आईसारखी कोणी अकरा वाजता त्या वाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहणार नाही.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका